टाचणीबाईंचा शिवलेला दाखला

टाचणीबाईंना टाचणीबाई का म्हणतात हे कळायला त्यांच्या दुकानात शिरावंही लागत नाही, काचेबाहेरून दिसतं. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात चार टाचण्या, उजव्या कोपऱ्यात तीन, आणि मधल्या फटीतून बाई गिऱ्हाइकाशी बोलत असतात. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, पडद्याला पट्टी लावणं, लग्नाआधी शिवलेला कोट लग्नानंतर अंगात शिरेल असा करणं, सगळी दुरुस्तीची कामं. "साहेब, कोट काही आटलेला नाही हं," एवढंच बाई म्हणतात. पुढचं साहेबांनी समजून घ्यायचं. गल्लीत कोणाचं पोट किती सुटलंय याची खबर डॉक्टरच्या आधी टाचणीबाईंना लागते. अशी ही कोणाला न बिचकणारी बाई, आणि तिची एका लिफाफ्यानं पाचावर धारण बसवली.

लिफाफा विद्यापीठाचा होता. लेक परगावी नोकरीला. तिनं तिकडूनच आईच्या नावाचा अर्ज भरून टाकला होता, इतिहास विषय, पदवीचं पहिलं वर्ष. बाई तेव्हा "भर बाई, कोण घेतंय मला" म्हणून हसल्या होत्या. आणि त्यांनी घेतलं! खाली मात्र ठळक अक्षरांत एक ओळ होती. मूळ कागदपत्रं शुक्रवारी दुपारी चारपर्यंत स्वतः आणून दाखवावीत, अन्यथा प्रवेश रद्द समजावा.

सासूबाईंनी चष्मा लावून पत्र तीनदा वाचलं. जिभेला हाड नसलेली बाई, पण सुनेवर जीव.

"रद्द समजावा म्हणतायत. म्हणजे आधी दिलाय! जा बाई, जा. सत्तावीस वर्षांपूर्वी नाकारलं होतं मेल्यांनी तुला, आता चूक सुधारतायत."

"हो आई," टाचणीबाई म्हणाल्या आणि लगेच दोन टाचण्या तोंडात धरल्या. लोक घाबरले की नखं खातात, बाई टाचण्या धरतात.

खरी मेख इथेच होती. सत्तावीस वर्षांपूर्वी बाईंना कोणीच नाकारलं नव्हतं. कागद छातीशी धरून त्या एकट्या त्याच विद्यापीठाच्या फाटकापर्यंत गेल्या होत्या. आत पाहिलं तर ही लांबलचक रांग, त्या उंच पायऱ्या, मोठमोठ्यानं हसणारी मुलं. पाय मागेच वळले. फाटकाबाहेरच्या बाकावर त्या दिवेलागणीपर्यंत बसून राहिल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "जागा भरल्या होत्या." बस्स. वडिलांनी मरेपर्यंत त्या विद्यापीठाचा राग केला. लग्नानंतर तो राग जणू आहेरात आला. नवऱ्यानं तो जिवंत असेपर्यंत सांभाळला, आणि आता दरवर्षी निकाल लागले की सासूबाई त्या संस्थेला दोन शेलक्या शिव्या हासडतात. दरवर्षी बाई समोर बसून त्या ऐकतात, मान खाली घालून, कुठल्यातरी बाहीला टाका घालत.

म्हणजे आता बाईंना विद्यापीठ नाही म्हणेल याची भीती नव्हती. आपले पाय पुन्हा फाटकातून मागे वळतील, याची होती. आणि परतायचं म्हटलं तर खोटं तर तयारच होतं. सत्तावीस वर्षं वापरून मऊ झालेलं.

गुरुवारी दुपारी बाईंनी दुकानाला आतून कडी घातली आणि कागद काढले. शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, जन्माचा दाखला आणि लग्नाचा, म्हणजे चार. हे चार एकत्र कसे न्यायचे? स्टेपलरवर बाईंचा विश्वास नाही, पिन गंजते आणि डाग पडतो. पिशवीत सुटे टाकले तर वाटेत एखादा पडला म्हणजे? सुटे दोन तुकडे टेबलावरून हलवायचे नाहीत, आधी जोडायचे आणि मग हलवायचे, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. तेव्हा त्यांनी चारी कागद एकावर एक ठेवून कडेला कड जुळवली, ते मशीनच्या पायाखाली सरकवले आणि डाव्या बाजूनं सरळ टीप मारून टाकली.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. मोठे टाके घातले असते तर कारकुनानं कपाळाला आठ्या घातल्या असत्या आणि पुढे गेला असता. पण मन मानेना. उसवलं तर? म्हणून बाईंनी मशीनची चकती फिरवून टाका सगळ्यात बारीक केला. वरून परत एकदा टीप मारली. कच्च्या कापडावर बारीक टीप मारली की ती शिवण राहत नाही, फाडायची रेघ होते, हे शिकाऊ मुलींना पहिल्या आठवड्यात सांगणारी ही बाई! पण भीतीनं माणसाचा हातच परका होतो, त्याला काय करणार.

शुक्रवारी एक वाजता बाई फाटकापाशी उभ्या होत्या. डोळे बुटांच्या टोकांवर ठेवून त्यांनी पावलं मोजली आणि सतराव्या पावलाला आत होत्या. पहारेकऱ्यानं विचारलंही, "कोणाला न्यायला आलात?" बाई चालतच राहिल्या. उत्तर द्यायला थांबल्या असत्या तर वळल्या असत्या.

कागद तपासायची खिडकी तीन नंबरची. खिडकीमागे एक बारकेसे कारकून, हातात भिंग. प्रत्येक शिक्क्यावर भिंग धरून ते असे बघत, जणू शिक्क्याखाली कोणी लपून बसलंय. पुढची मुलं त्यांना आपसात भिंगवाले म्हणत होती. रांग सरकत होती तशी बाई कागद छातीशी आणखी घट्ट धरत होत्या. कानात मशीन चालल्यासारखी घरघर.

"पुढे या. कागद."

बाईंनी पुडकं सरकवलं. भिंगवाल्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं.

"हे काय आहे?"

"कागद."

"ते दिसतंय हो. शिवलेत?"

"सुटू नयेत म्हणून."

"तीस वर्षं झाली मला या खुर्चीत," भिंगवाले म्हणाले. "ओले आले, कुरतडलेले आले, एकदा लहान मुलानं चघळलेला आला. शिवलेला पहिल्यांदाच." मागची मुलं खिदळली. भिंगवाल्यांनी वरचा दाखला उघडायला म्हणून कोपरा उचलला.

टर्रर्र.

आवाज फार मोठा नव्हता. पण बाईंना तो पायांच्या तळव्यांपर्यंत ऐकू आला. दाखल्याची डावी कड सरळ रेघेत निघून दोऱ्याला लोंबत राहिली, आणि त्याच कडेवर उभ्या अक्षरांत दाखल्याचा नोंदणी क्रमांक होता. अर्धा शिक्काही तिकडेच गेला.

भिंगवाल्यांनी दोन्ही हात वर केले. "हे मी केलं नाही हं! सगळ्यांनी बघितलंय. मी नुसतं पान उचललं!"

"चिकटवून आणते," बाई कशाबशा म्हणाल्या.

"फाटलेला चालत नाही, चिकटवलेला तर मुळीच चालत नाही. शाळेतून दुसरी प्रत आणा."

"शाळा बंद झाली. त्या इमारतीत आता फर्निचरचं दुकान आहे."

"मग खुर्चीवर लिहून आणा," मागून एक पोरगी पुटपुटली. भिंगवाल्यांनी भिंगातून तिच्याकडे पाहिलं तशी ती गप्प झाली.

"चार वाजता खिडकी बंद," ते बाईंना म्हणाले. आवाज वाईट नव्हता त्यांचा, पण खिडकीला खिडकीचाच आवाज असतो. "पुढचे कोण?"

बाईंनी पुडकं उचललं आणि त्या चालू लागल्या. पायऱ्या, मैदान, फाटक. या वेळी पावलं मोजावी लागली नाहीत, पायांना हा रस्ता पाठ होता. बाहेर बाक होतं. तेच जुनं असेल असं नाही, पण जागा तीच. बाई बसल्या. गळपट्टीला टोचलेल्या टाचण्या काढल्या आणि एकेक करून ओठांत धरल्या. आणि त्या सगळ्या भीतीखाली, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं, थोडं हायसंही वाटत होतं. तेच त्यांना सगळ्यात भयंकर वाटलं.

फोन वाजला. लेक.

"आई! झालं का? आजीनं मला चार फोन केलेत. काय म्हणाले ते?"

जागा भरल्या. दोनच शब्द. जिभेवर येऊन बसलेसुद्धा. पण तोंडात सात टाचण्या, आणि आज मधली फटसुद्धा बुजलेली, बोलायचं तर आधी त्या काढायला हव्यात. बाई एकेक काढू लागल्या. एक. दोन. तीन.

"आई? रडतेयस का?"

चार. पाच. मांडीवरच्या पुडक्यावर बाईंची नजर पडली. दाखल्याची कड दोऱ्याला लोंबत होती, आणि खालचे तीन कागद अजून त्याच टिपेत अडकलेले. असंच कोणी ओढलं तर तेही फाटणार. सहा. सात.

"रडत नाहीये," बाई म्हणाल्या. "जरा उसवायचं राहिलंय. ठेव."

परत फाटक. या खेपेला पहारेकऱ्यानं काही विचारलं नाही, बाईंचा चेहराच तसा असावा. खिडकीपुढे पाच-सहा मुलं होती. बाई रांग सोडून बाजूच्या टेबलाशी गेल्या, पर्समधली बारीक कात्री काढली आणि दोरा कापायला लागल्या.

"अहो बाई, आता हात लावू नका त्याला!" भिंगवाले आतून ओरडले.

"तुम्ही लावलात ते पुरे झालं," बाई म्हणाल्या. आपण हे बोललो याचं त्यांना इतकं नवल वाटलं की घाम फुटला. पण कात्री हातात होती, आणि कात्री हातात असली की बाईंचा हात त्यांचं ऐकतो. एक टाका कापायचा, एक सोडायचा, उलटीकडून दोरा अलगद ओढायचा. बारीक टीप, तीही दुहेरी, शत्रूच्याही वाट्याला येऊ नये अशी. अर्धा तास लागला. तीन कागद भोकं पडलेले, पण अखंड निघाले. मघाची फर्निचरवाली पोरगी आपलं काम उरकून गेली नव्हती, टेबलाच्या कडेला उभी राहून ती दोऱ्याचे तुकडे गोळा करत होती.

मग बाईंनी दाखला सपाट ठेवला आणि फाटलेली कड त्याच्या शेजारी सरकवली. चौकड्याच्या कापडाची बाही खांद्याशी जुळवावी तशी, रेघेला रेघ, भोकाला भोक. अर्ध्या शिक्क्याला अर्धा शिक्का भिडला आणि गोल पुरा झाला.

"आता बघा तुमच्या भिंगातून."

भिंगवाले खुर्ची सोडून बाहेर आले. वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

"जुळतंय," ते शेवटी म्हणाले. "पण माझ्या सहीनं भागायचं नाही. प्रवेश विभागाच्या प्रमुखबाईंची सही लागेल. आणि दाखला कसा फाटला ते एका कागदावर लिहून द्या, स्वतःच्या हातानं. साडेतीन होतायत."

कोरा कागद समोर आला आणि बाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. गेली सत्तावीस वर्षं त्यांनी मापांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. छाती, कंबर, बाही, घेर. पूर्ण वाक्य कुठून सुरू करतात? पेन कागदावर टेकायचं आणि परत उचललं जायचं. 'वाटेत फाटला' लिहावं का? 'जुना असल्यानं' लिहावं? दोन्ही सोपी होती. एक टाचणी ओठांत गेली. चार वाजायला सतरा मिनिटं असताना बाईंनी लिहिलं:

'मी धंद्यानं शिवणकाम करते. कागद हरवतील या भीतीनं मी ते मशीनवर शिवले. भीतीमुळे टाका फार बारीक घातला, म्हणून फाटला. चूक माझी आहे. पूर्वी एकदा मी भीतीमुळेच इथून परत गेले होते. आज जायचं नाही.'

प्रमुखबाईंच्या खोलीत जाऊन टाचणीबाईंनी तो कागद पुढे केला. टेबलामागच्या बाईंनी कागद वाचला. परत वाचला. चष्म्यावरून पाहिलं.

"शेवटची दोन वाक्यं या अर्जात लागत नाहीत."

"खोडू?"

प्रमुखबाईंनी पेन उघडलं. "नको. खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही आम्हाला." आणि सही केली.

चार वाजायला चार मिनिटं असताना भिंगवाल्यांनी शिक्का मारला. "आता पटकन पलीकडे जा, ओळखपत्राचा फोटो. आणि हे बघा, घरी जाऊन परत शिवू नका!"

फोटोच्या खोलीत बाई स्टुलावर बसल्या. समोरचा माणूस "हसा" म्हणाला. त्यांना हसता येईना. लखकन उजेड पडला आणि ओळखपत्र गरमागरम हातात आलं.

संध्याकाळी सासूबाईंनी ते दिव्याखाली धरलं. घाबरलेले डोळे, विस्कटलेले केस, आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी चकाकणारं.

"हे काय गं? दात पुढे आलाय तुझा?"

"टाचणी आहे, आई. काढायची राहिली."

"चार वर्षं गळ्यात हेच घालून हिंडणार?"

"हो."

सासूबाई खो खो हसल्या. मग विद्यापीठाला नेहमीची शिवी द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात टाचणीबाई म्हणाल्या, "आई, थांबा. त्यांचा काही दोष नव्हता. बसा जरा, एक सांगायचंय."

काय सांगितलं ते आता सगळ्या गल्लीला माहीत आहे. सासूबाईंच्या पोटात काय राहतंय! त्या दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं मला फुकट शिव्या घालायला लावल्यास." त्यावर बाई काय म्हणाल्या ते कोणाला नीट ऐकू आलं नाही. सोमवारी पहिला तास होता, आणि त्यांच्या तोंडात सकाळपासून अकरा टाचण्या होत्या.