घरगाडीत कादरची रजई

कादर पिंजारी कुणाच्याही घरी गेला की आधी गादी दाबून बघायचा. सलाम नंतर, चहा त्याच्याही नंतर. अंगठा रुतवायचा, खळगा किती वेळात भरतो ते बघायचा आणि विचारायचा, "कुणी भरली?" दुसऱ्या कुणाचं नाव निघालं की नुसतं "हं" म्हणून खुर्चीवर बसायचा, गादीवर नाही. एकदा सासुरवाडीच्या लग्नात हा गृहस्थ रात्रभर सतरंजीवर पडून राहिला, कारण पाहुण्यांच्या गाद्या हडपसरच्या पिंजाऱ्याकडून आल्या होत्या. सकाळी पाठ धरली, पण पठ्ठ्याने कबूल केलं नाही.

शनिवार पेठेत त्याचं छोटंसं दुकान होतं. पुढे कापूस पिंजायचं यंत्र, मागे राहायची खोली, वर पोटमाळा. फोमच्या गाद्या आल्या आणि आसपासची दुकानं एकेक करून बंद झाली, कादरचं टिकलं. त्याची रजई खरोखरच चांगली असे, हे कबूल करायलाच हवं. कापूस दोनदा पिंजायचा, थर हाताने बसवायचा, टाका असा घालायचा की दहा वर्षं गोळा होणार नाही. इतकं असताना या माणसाला कुणाचा हेवा का वाटावा? पण वाटायचा, आणि सगळ्यात जास्त वाटायचा तो स्वतःच्या बायकोचा.

रझिया इंदापूरकडची. माहेराहून येताना तिने गोधडीचा हात आणला होता. जुनी लुगडी, धोतरं, विरलेले सदरे यांचे थर एकावर एक घालायचे आणि कडेपासून मध्यापर्यंत बारीक धावदोरा घालत जायचं. त्यात कापसाचं बोंडदेखील नसतं. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तिने एक गोधडी शिवून खाटेवर टाकली, तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला आल्या. त्यातली एक जाता जाता म्हणाली, "कादरभाई, तुमच्या रजईपेक्षा हीच बरी हो." बोलणारी घरी पोचेपर्यंत विसरली असेल. कादर सव्वीस वर्षं विसरला नाही.

तेव्हापासून गोधडीचा विषय निघाला की त्याचं ठरलेलं उत्तर असे, "चिंध्या जोडते. तेवढाच विरंगुळा." दुकानात त्याने कधी एक गोधडी लावू दिली नाही. रझिया त्याच्या रजयांच्या खोळी करून देई, दोरा ओवून देई आणि गप्प बसे. मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेली, घरात दोघंच उरली, तरी कादरच्या पोटातली ती आग काही विझली नाही.

एका डिसेंबरात दुकानाच्या पायरीवर श्रीनिवासराव आणि पद्मजाबाई उभे राहिले. श्रीनिवासराव पेठेतलेच, निवृत्त इंजिनिअर. त्यांनी एक मोठी व्हॅन घेऊन तिच्यात वर-खाली दोन बर्थ, एक ओटा आणि एक नळ बसवून घेतला होता. लोक तिला कॅराव्हॅन म्हणत. श्रीनिवासराव घरगाडी म्हणत आणि समोरच्याकडूनही तेच म्हणवून घेत. जानेवारीत दोघं त्या गाडीतून हिमाचलला निघणार होती, आणि पद्मजाबाईंना संधिवात होता.

"हीटर नाही का गाडीत?" कादरने विचारलं.

"आहे ना. रात्रभर चालवला तर सकाळी बॅटरी मान टाकते. त्याऐवजी शेगडी पेटवली तर आम्ही मान टाकतो. म्हणून आपल्याकडे आलो."

कादरची छाती फुगली. हिमाचलच्या बर्फात आपली रजई! तो कापसाचे नमुने काढू लागला, तेवढ्यात पद्मजाबाईंची नजर पडद्याआड मागच्या खोलीत गेली. खाटेवर रझियाची गोधडी होती. बाई सरळ आत गेल्या, गोधडी हातात घेतली, गालाला लावली.

"ही कुणी केली हो?"

"ती घरच्यासाठी आहे," कादर घाईघाईने म्हणाला.

"आमचंही घरच आहे. फक्त चाकं आहेत त्याला," श्रीनिवासराव म्हणाले.

मग दुकानातच नवरा-बायकोची जुंपली. यांना रजई हवी, बाईंना गोधडी. एकेक न्यावं, तर रात्री ज्याचं कमी पडेल तो दुसऱ्याचं ओढणार. अखेर श्रीनिवासरावांनी इंजिनिअरी तोडगा काढला. येत्या शनिवारी ते गाडी नदीपात्रात लावणार होते. पुण्यात त्याहून गार जागा त्यांच्या माहितीत नव्हती. कादर आणि रझियाने आपापलं पांघरूण घेऊन तिथे एक रात्र निजायचं आणि सकाळी कोणतं जास्त ऊब देतं ते सांगायचं. त्याच जातीची दोन पांघरुणं ते घेणार.

"ज्याने केलं त्यानेच निजून बघावं," ते म्हणाले. "आम्ही घरी सुखाने निजतो."

पुढचे चार दिवस कादरने दुसऱ्या गिऱ्हाइकांना दारात उभं केलं नाही. उत्तम कापूस आणला, दोनदाऐवजी तीनदा पिंजला, नेहमीपेक्षा सव्वापट भरला. रझियाने काय केलं? तिने खाटेवरची गोधडी दोन दिवस उन्हात टाकली. बस! तिचं ते शांत बसणं बघून त्याचा तिळपापड झाला. हरायची भीती नसलेला माणूसच असा बसतो, असं त्याला वाटलं, आणि ते त्याला सहन होईना.

शनिवारी पुण्याचा पारा सहावर आला. नदीच्या कडेला गाडी उभी होती. श्रीनिवासरावांनी दिवे कुठले, नळ कुठला ते दाखवलं आणि दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या.

"या बंद करू नका. दोन माणसं रात्रभर श्वास सोडणार, तो बाहेर जायला वाट लागते," असं बजावून ते घरी गेले.

घरात दोघांची बोली दखनी. ती इथे मराठीत सांगितली आहे.

"तू खालीच नीज," कादर म्हणाला. "तुझ्या गुडघ्यांना चढण झेपायची नाही."

त्याचा हा कळवळा ऐकून रझियाने त्याच्याकडे जरा बघितलं. गुडघ्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पोटमाळ्यावर जन्म काढलेल्या माणसाला ऊब वर चढते हे सांगावं लागत नाही. वरच्या बर्थवर निजला की निम्मी लढाई जिंकलीच. उरलेली निम्मी त्याने खिशातून काढली. पिंजाऱ्याच्या खिशात कापूस नसेल असं होत नाही. त्याने दोन बोळे वळले आणि खिडक्यांच्या फटीत घट्ट ठासले.

"साहेबांनी उघड्या ठेवायला सांगितल्यात," रझिया म्हणाली.

"साहेबांनी कधी कापूस पिंजलाय? फट दिसली की बुजवायची. गादी असो नाहीतर गाडी."

तो वर चढला आणि रजईत शिरला. अहाहा! पाच मिनिटांत अंगातून वाफा निघायला लागल्या. त्याने खाली हाक मारली, "थंडी वाजतेय का गं?"

"नाही."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा "नाही". तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "झोपू द्या आता." खोटं बोलतेय, असं मनाशी म्हणत तो हसत हसत झोपला.

जाग आली ती कपाळावर पडलेल्या थेंबाने. दुसरा थेंब मानेवर पडला. त्याने हात वर केला, तर गाडीचं पत्र्याचं छत ओलंचिंब होतं. त्याचाच श्वास, तिचाच श्वास, वाट न मिळाल्याने वर जाऊन गार पत्र्यावर पाणी होऊन बसला होता आणि आता ठिबकत होता. रजईची वरची बाजू भिजली होती. तीनदा पिंजलेला तो देखणा कापूस पाणी पिऊन जड झाला होता आणि अंगावर गारगार पडून राहिला होता. कादरने रजई उलटी केली. तीही बाजू भिजली. त्याने पाय पोटाशी घेतले. दात वाजू लागले, म्हणून त्याने रुमाल चावून धरला. आवाज खाली जाता कामा नये! मरेन पण खाली उतरणार नाही, असं त्याने ठरवलं, आणि तो माणूस खरंच तसाच मेला असता.

"या खाली," रझिया अंधारातून म्हणाली.

त्याने रुमाल आणखी घट्ट चावला.

"बर्थ हलतोय तुमच्या कापण्याने. या."

तो उतरला. तिने आधी हात लांब करून दोन्ही खिडक्यांतले बोळे उपटून टाकले आणि मग सरकून जागा केली. गोधडी अंगावर आली. वजनाला हलकी, पण कडेकडेने अंगाला लागून बसणारी. कुठून वारा शिरेल तर शपथ. कादरचे दात थांबले, पाय पसरले. आणि इतक्या सुखातही त्याला रडू आलं ते रागाने. सव्वीस वर्षं ज्या चीजेला चिंध्या म्हटलं, तिच्यात तो पहिल्यांदाच निजला होता. त्याने आजवर ती खाटेच्या तिच्याच बाजूला ठेवायला लावली होती.

सकाळी श्रीनिवासराव थर्मास घेऊन आले. कादर तोंड उघडणार, त्याआधी रझियाच बोलली.

"यांची रजई घ्या, साहेब. मला रात्री खाली गारठा लागला, म्हणून मी वर जाऊन रजईत झोपले. छान ऊब आहे."

श्रीनिवासरावांनी मान डोलावली. कादर जिंकला. त्याने फक्त गप्प राहायचा अवकाश, की हिमाचलला त्याच्या रजया जाणार होत्या आणि गल्लीतल्या त्या बाईचं बोलणं पुसलं जाणार होतं. पण त्याला आनंद होईना. हा डावही तिनेच जिंकला होता आणि दान म्हणून याच्या ओंजळीत टाकला होता. इतकं मोठं मनही हिच्याकडेच का असावं?

"खोटं बोलतेय ती," तो ओरडला. वर चढून त्याने भिजलेली रजई ओढून काढली आणि श्रीनिवासरावांच्या हातात दिली. "पिळून बघा."

श्रीनिवासरावांनी कोपरा पिळला. पाणी बुटावर पडलं.

"कादरभाई, ही पांघरायची की प्यायची?"

"खिडक्या मी बुजवल्या. आपण नको म्हणाला होता तरी बुजवल्या. मी रात्री हिच्या गोधडीत झोपलो, म्हणून उभा आहे. बाईंसाठी गोधडीच न्या."

खाटेवरची ती एक आणि तशीच दुसरी एक नवी, अशा दोन गोधड्या सांगून श्रीनिवासरावांनी दोघांना चहा दिला आणि गाडी नेली.

ओली रजई खांद्यावर टाकून कादर ओंकारेश्वराच्या देवळावरून घराकडे चालू लागला. रझिया मागून येत होती.

"मी तुमच्यासाठी खोटं बोलले होते," ती म्हणाली.

"म्हणून तर मला सोसवलं नाही." तो थांबला. "मला तुझा हेवा वाटतो, रझिया. पहिल्या गोधडीपासून वाटतो."

"मला माहीत आहे. म्हणून तर पुढच्या एकोणीस मी तुमच्यासमोर शिवल्या नाहीत."

"एकोणीस?"

"दुपारी तुम्ही पोटमाळ्यावर पडलात की शेजारी कमरजहांकडे बसायचे. झाली की देऊन टाकायची. तुमच्या नजरेला पडायला नको. एखादी दुकानात टांगावी, कुणीतरी बघावी, असं फार वाटायचं."

कादरने खांद्यावरची ओली रजई सावरली. मग तो म्हणाला, "आता टांग. साहेबांची दुसरी कर आणि एक दुकानात टांग. पाटीवर तुझं नाव घालतो."

रझियाने उजवा हात पुढे केला. अंगठ्याशेजारची दोन बोटं तिने मिटून दाखवली, ती अर्धीच मिटली.

"सुई कळत नाही या बोटांना. दोन वर्षं झाली. तुमच्या खोळीसुद्धा कमरजहांच्या मशीनवर शिवून आणते. तुम्ही कुठे बघता."

त्याने रजई खाली ठेवली आणि तो हात आपल्या हातात घेतला. बोटं थंडगार होती. किती तरी वेळ तो ती चोळत राहिला.

"मी शिवतो," तो शेवटी म्हणाला. "तू शेजारी बसून सांग. धावदोरा मलाही येतो."

"तुमचा टाका मोठा पडतो," रझिया म्हणाली.

कादरला राग आला. पण टाका मोठाच पडत होता, आणि हे तिला सव्वीस वर्षं माहीत होतं.