जपानी वहिनींचे ठसे

उदगीरच्या आमच्या गल्लीत अडत्याच्या जपानहून आलेल्या सुनेला सगळे जपानी वहिनीच म्हणतात. वहिनी लाकडी फळीवर चित्र कोरतात, रंग लावून वर पातळ कागद ठेवतात आणि गोल चकतीनं पाठीमागून घासतात. कागद उचलताना दर वेळी श्वास रोखून धरतात. ठसा नीट उमटला की म्हणतात, "हाव, जमलं बगा."

यंदा त्यांनी शेजारच्या मावशींना कोरलं. कपाळाला आठी घालून सुपात तूर निवडणाऱ्या मावशी. ते ठसे पुण्याच्या प्रदर्शनाला जायचे होते. गच्चीवर दोरीला वाळत घातले होते, तेवढ्यात वावटळ आली आणि सगळे कागद गल्लीभर उडाले. आम्ही आपापल्या अंगणात पडलेले गोळा करून हळहळत वहिनींच्या दारात गेलो. वहिनी खळखळून हसल्या.

"ज्याच्या घरी पडलं, त्याचं! फळी हाय की. मी पुन्हा काढते."

आम्ही आनंदानं ते ठसे भिंतींवर लावले. मावशींचं निम्म्या गल्लीशी वाकडं होतं, तरी त्या घरोघर जाऊन बघून आल्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता भांडू कुनाशी? समद्यांच्या घरात मीच बसून हाय!"