पाठ असलेलं तेवढं

मेडशीत कुणी घर बांधायला काढलं की आधी पंजाबराव मिस्त्रीकडे जायचं, अशी पद्धत होती. त्यांनी प्लास्टर केलेल्या भिंतीवर ऊन तिरपं पडलं तरी कुठे फुगवटा दिसायचा नाही. आणि याच माणसाच्या स्वतःच्या घराच्या विटा आजही उघड्या आहेत. त्यांची बायको, लिलामावशी, पाहुणा आला की त्या भिंतीकडे हात करून म्हणायची, "मिस्तऱ्याचं घर हाय, बसा."

लिलामावशी माझ्या आईची थोरली बहीण. मी धम्मा, इथल्याच शाळेत शिकवते आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहते. मावसाजींवर, म्हणजे पंजाबरावांवर, मी लहानपणापासून चिडत आले आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. माणूस वाईट असता तर चिडणं सोपं गेलं असतं. दारू नाही, शिवी नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आषाढी पौर्णिमेला बौद्धांचा वर्षावास लागला की हा माणूस तीन महिने संध्याकाळी गाव सोडायचा नाही. विहारात रोज धम्माचा ग्रंथ वाचायचा, तो यांनीच. त्यांच्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांनी ग्रंथ आणून पांढऱ्या कापडात बांधून ठेवला होता, पोरगा मोठा होऊन वाचेल म्हणून. पोरगा मोठा झाला, मिस्त्री झाला आणि वाचत बसला.

पुण्याच्या एका बिल्डरने त्यांचा हात बघून त्यांना सुपरवायझर म्हणून नेलं होतं. राहायला खोली, पोराला चांगली शाळा, सगळं ठरलं होतं. आषाढ लागला तसे हे पिशवी घेऊन एसटीने परत. त्यांना दोनदा बोलावणं आलं, पण गेले नाहीत. अकोल्याच्या कॉलेजचं काम असंच सोडलं. मुलगा विकास स्वतःच्या जिद्दीवर शिकला, आता पुण्यात कंपनीत आहे. तो बापाशी नीट बोलत नाही, आणि मला त्यात त्याचं काही चुकलेलं वाटत नाही. मावशी तर विहाराला सरळ सवत म्हणायची. तिचं विहारात पाऊल पडायचं ते जयंतीला आणि वर्षावासाच्या शेवटी, खिरीला.

मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं होतं, "मावसाजी, पुस्तक तं कोनीबी वाचते. तुमीच कायले पाह्यजे?"

ते अंगणात थापी धुवत होते. म्हणाले, "दिवसभर दुसऱ्याच्या भितीले ओळंबा लावतो, पोरी. संध्याकाळी सोताले लावतो. नाही लावला तं वाकडा होतो मी."

 मी घरात येऊन भांडी आदळली.

या ज्येष्ठात एका घराचं काम चालू असताना त्यांच्या हातून थापी पडली. उचलायला वाकले ते तिथंच बसले. वाशीमला नेलं, दवाखान्यात बरेच दिवस ठेवलं. उजवी बाजू गेली होती. पाय थोडा परत आला, हात आला नाही, आणि वाचा तर गेलीच. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, पण शब्द जुळत नाहीत. घरी आणलं. तहान लागली की ते माठाकडे बोट करायचे आणि तोंडातून नुसतं "त... त..." यायचं. भरल्या विहारात तासन्‌तास वाचणारा माणूस, त्याला 'पाणी' म्हणता येईना. रागाने खाटेवर डावा हात आपटायचे आणि मग रडायचे. आम्हाला बघवायचं नाही, पण बघण्यापलीकडे काही करताही येत नव्हतं.

आषाढी पौर्णिमा आली. यंदा पंजाबराव विहारात येऊ शकत नाहीत म्हणून विहार समितीचा अध्यक्ष संघपाल चार माणसं घेऊन घरीच वंदना घ्यायला आला. मेणबत्ती लावली, हात जोडले. संघपालने सुरुवात केली आणि खाटेवरून आवाज उठला. मावसाजींचा. तोच जड, सावकाश आवाज. त्रिशरण, पंचशील, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. संघपाल गप्प झाला, बाकीचे गप्प झाले, हे म्हणतच राहिले. मावशी पिठाच्या हाताने स्वयंपाकघरातून धावत आली.

"बोल्ले? बोल्ले काय हे?" तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मले म्हना. माहं नाव घ्या. लिला म्हना."

त्यांनी तोंड उघडलं. "त... त..."

कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलंच होतं. ते ग्रुपवर गेलं आणि गावात चमत्कार चमत्कार सुरू झालं. देव-अवतार नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली माणसं चमत्कार म्हणायला लागली! जवळच्या मालेगावहून मोटरसायकली घेऊन लोक बघायला यायचे, त्यांच्याकडून वंदना म्हणवून घ्यायचे, हात जोडून जायचे. मी दोघातिघांना दारातूनच पिटाळलं.

मग वारं फिरलं. तीच तोंडं म्हणायला लागली, "वंदना येते अन् पानी मांगता येत नाही? ढोंग हाय. कामाचा कटाळा आला असन." जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधलेल्या माणसाला कामाचा कंटाळा! लोकांचं मी एकवेळ सोडून दिलं असतं. पण मावशीलाही ते पटायला लागलं.

"बुद्धासाठी हाय याहिचा आवाज, धम्मा," ती म्हणाली. "माह्यासाठी नाही. आधीबी असंच होतं, आताबी तसंच हाय."

एका दुपारी मी शाळेतून आले तर ती पाण्याचा गडवा हातात धरून खाटेसमोर उभी होती. "पानी म्हना, तवाच देतो." मावसाजींच्या कपाळावर घाम आला होता. ओठ नुसते हलत होते. शेवटी त्यांच्या तोंडून निघालं ते "सरणं गच्छामि". पुन्हा तेच. पुन्हा तेच. पाणी मागत होते ते, आणि त्यांच्यापाशी तेवढेच शब्द शिल्लक होते. मी गडवा हिसकावून त्यांच्या तोंडाला लावला आणि मावशीवर इतकी ओरडले की शेजारची चंदा धावत आली.  मावशी चुलीपाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

संध्याकाळी मी वाशीमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी समजावलं ते मी मावशीला माझ्या शब्दांत सांगितलं. "पाठ झालेलं डोक्यात येगळ्या जागी राह्यते, मावशी. आपन इचार करून बोलतो ते येगळ्या जागी. त्याहिची ते बोलाची जागा गेली. पाठाची राह्यली. ते ढोंग नाही करून राह्यले."

 ती म्हणाली, "मंग माहं नाव त्या पाठाच्या जागी काहून नाही?"

  मग उत्तरही तिनेच दिलं.

"कसं असन? घेतलंच नाही कधी."

खरं होतं ते. आमच्याकडच्या त्या पिढीतला कुठला नवरा बायकोला नावाने हाक मारतो? घरात नुसतं "अवं", चारचौघांत "विकासची माय". लग्नात बायांनी नाव घ्यायचा आग्रह केला तर म्हणे हे लाजून पंगतीतून उठून गेले होते. इतकी वर्षं संसार झाला आणि त्या माणसाच्या जिभेवरून तिचं नाव एकदाही गेलं नव्हतं. ग्रंथातलं एकेक नाव मात्र हजारदा.

दुसऱ्या दिवसापासून मावशी संध्याकाळी त्यांच्या खाटेजवळ खाली बसायला लागली. मेणबत्ती लावायची आणि वंदना म्हणायची. ती वंदना कधी शिकली नव्हती. स्वयंपाक करता करता कानावर पडलेली, निम्मी चुकीची. ती चुकली की मावसाजी आवाज चढवून बरोबर म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं, मला कळत होतं. वंदना संपली की ती त्याच चालीत, त्याच सुरात पुढे जोडायची, "लिला." तिला वाटायचं, ओघात निघून जाईल. मावसाजी तिथपर्यंत यायचे आणि थांबायचे. ओठ जुळायचे, जीभ वर जायची, आणि नुसती हवा बाहेर यायची. मग ते डोळे मिटून घ्यायचे. मावशी मेणबत्ती विझवून भाकरी टाकायला उठायची. रोज.

विकासचा फोन यायचा. "आई, बाबांले घेऊन पुन्याले ये. इथं चांगले डॉक्टर हायेत." तो मनापासून म्हणत होता.

"तिथं त्याहिच्या संगं वंदना कोन म्हनन?" असं ही म्हणाली. जी विहाराला सवत म्हणायची, ती!  तिने फोन ठेवला आणि मला दटावल्यासारखं म्हणाली, "मी भक्तीनं नाही म्हनत. त्याहिचा आवाज आयकू येते, म्हनून म्हनतो."

 मला स्वतःला राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. ज्या पाठांतरापायी त्यांनी सगळं सोडलं, तेवढंच आता त्यांच्याजवळ होतं. ते नसतं तर तो माणूस पार मुका झाला असता. आणि ते होतं म्हणून मावशी रोज त्या एका जागेवर येऊन अडत होती.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. मावसाजींना पांढरा सदरा घालून आम्ही दोन्हीकडून धरून विहारात नेलं. त्यांच्या नेहमीच्या जागेवर संघपाल वाचायला बसला होता, त्याच्या शेजारी त्यांना भिंतीला टेकवलं. संघपाल शेवटचं प्रकरण अडखळत वाचत होता आणि मावसाजी त्याच्या प्रत्येक चुकीला मान हलवत होते. मावशी बायांच्या बाजूला माझ्याजवळ बसली होती. मग वंदना झाली. मावसाजींनी सांगितली, सगळ्यांनी मागून म्हटली. शेवटी तीनदा साधु म्हणून झालं. माणसं उठायच्या बेतात होती, बाहेर खिरीचं पातेलं उतरवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात मावसाजींनी मान वळवून बायांच्या बाजूला पाहिलं आणि म्हणाले, "अवं."

कामावरून आल्यावर दारातून मारायचे तशी हाक. स्वच्छ. सगळा विहार जागच्या जागी बसला. मावशीने माझं मनगट धरलं होतं, ते सोडून ती उठली आणि सगळ्या पुरुषांमधून वाट काढत त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"काय? काय म्हनता? सांगा नं."

त्यांना काहीतरी सांगायचं होतं. ते मी शपथेवर सांगेन. त्यांनी डाव्या हाताने तिचा पदर धरला, तोंड उघडलं. "त... त..." मानेच्या शिरा ताठ झाल्या. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नुसतं "त". डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पुसायला हात मोकळा नव्हता, पदर ते सोडत नव्हते. इतके दिवस वाट बघून तिला हाक आली होती, आणि हाकेच्या पुढचं काही नव्हतंच. संघपाल ग्रंथ मिटून मांडीवर घेऊन बसला होता. मला ओरडावंसं वाटत होतं, की कुणीतरी द्या रे यांना पुढचा शब्द. कोण देणार? कुणालाच माहीत नव्हता.

मग मावशीने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि सुरू केलं, "नमो तस्स..."

उच्चार चुकला. मावसाजींनी आवाज चढवून बरोबर म्हटला आणि पुढे निघाले. वंदना आत्ताच होऊन गेली होती, पण कुणी अडवलं नाही, कुणी मागून म्हटलंही नाही. ते तिच्याकडे बघत सगळी म्हणत राहिले, अगदी सावकाश, घरातलं काही सांगावं तसं. कधी आवाज खाली यायचा, कधी मध्येच हुंदका. मावशी हो-हो अशी मान हलवत ऐकत होती.

संपली. या वेळी तिने शेवटी आपलं नाव जोडलं नाही.

"हाव," ती म्हणाली. "हाव."