फायाने खिडक्या लावल्या

आमच्या हिच्या धाकट्या भावाला सगळे फाया म्हणतात. कानात अत्तराचा बोळा खोचल्याशिवाय हा गडी घराबाहेर पाऊल टाकत नाही. अंघोळीचा मात्र भारी कंटाळा. जन्मभर एकच विद्या कमावली बेट्याने: घाण काढायची नाही, तिच्यावर वास मारायचा. उंदीर मेला तरी हा तो शोधणार नाही, उदबत्ती लावणार!

असलं ध्यान हॉस्पिटलात चिकटलं, तेव्हा मला हसू आवरेना. हाडांच्या वॉर्डात निलगिरी आणि गवती चहाच्या तेलाची वाफ सोडून हवेतले जंतू कमी होतात का, हे डॉक्टरीणबाईंना पाहायचं होतं. यंत्रात तेल घालून बटण दाबायचं, एवढंच फायाचं काम. जंतू घटले तर त्याची नोकरी पक्की. आणि नोकरी पक्की झाली तरच माहेरी गेलेली बायको परत येणार होती.

बाईंनी बजावलं होतं, "खिडक्या रोजच्यासारख्या उघड्याच ठेवा."

पण वाऱ्याने वास पातळ होताच फायाचा जीव कासावीस. त्याने खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. मी भेटायला गेलो तर पाय टांगलेले पेशंट खोकून बेजार.

"मामा, एक तरी खिडकी उघडा हो!" एक पेशंट फायाला विनवत होता.

"गप पडा! एवढं भारी तेल रस्त्यावरच्या कुत्र्यांना हुंगायला आहे का?"

मी म्हटलं, "अरे, माणसं गुदमरतायत."

"भावजी, तुमचा जन्म गोठ्यात गेला. तुम्हाला वासातलं काय कळणार?"

मग बाईंनी तपासणीच्या बशा उघड्या ठेवल्या. हवेतले जंतू त्यांतल्या खळीसारख्या थरावर पडून ठिपक्यांसारखे वाढतात. वाफेआधीच्या बशांत ठिपके तुरळक होते. आता गोवर उठल्यागत बशा भरल्या! बाईंनी खिडकीतली एक चिंधी ओढली. ती फायाच्या बनियनची निघाली.

"धुतलेली तरी आहे का?"

"अत्तर लावलंय ना, बाई!"

खिडक्या उघडून बाईंनी पुन्हा वाफ सोडली, तेव्हा ठिपके आधीपेक्षाही कमी आले. यंत्र राहिलं, फाया गेला. बायकोने माहेरूनच हात जोडले.

वळकटी घेऊन स्वारी आमच्या दारी आली. आत शिरताच खिडकीला हात घातला. तशी आमची ही, त्याची सख्खी बहीण, कडाडली,

"ती उघडीच राहू दे, मेल्या! आणि आधी अंघोळीला जा!"