बिनचिठ्ठीचा शेक

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग ऐका. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा दत्ताभाऊंच्या नाकातून चहा आला होता. आणि खरं तर सगळं घडलं त्यांच्यामुळेच!

माझं कामशेतला गाद्यांचं दुकान. लोकांच्या पाठीची काळजी वाहणारा माणूस मी, आणि एक डबल गादी उचलताना माझीच कंबर धरली. उठता येईना, वाकता येईना. डॉक्टरकडे जायची मात्र छाती होईना. माझा मेहुणा असाच शेजारच्या कान्हे गावातल्या डॉक्टरला कंबर दाखवायला गेला आणि ऑपरेशन करून परत आला! पोरीचं लग्न तोंडावर, दुकानात मी एकटा. मी आडवा झालो तर शटर कोण उघडणार?

म्हणून ठरवलं, डॉक्टर नको. थेट लोणावळ्याच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे जायचं.

"डॉक्टरची चिठ्ठी हाय का?" शेजारच्या दत्ताभाऊंनी विचारलं. "बिनचिठ्ठीच्या मानसाला त्ये हात लावत न्हाईत. आन् लावला, शीर हुकली, तर मानूस जलमभर आडवा! माझं काय न्हाई, सांगून ठेवलं."

झालं! दवाखान्याचा जिना मी कठड्याला लोंबकळतच चढलो. वर टेबलाशी एक मावशी बसलेल्या.

"नाव?"

"शेख."

"त्यो मॅडम सांगतील तवा दिऊ. आदी नाव सांगा."

"अहो, सलीम!"

"मंग तसं बोला की. चिठ्ठी आनली का डॉक्टरची?"

"घरी राहिली," मी ठोकून दिलं. खोटं बोललो, आणि तेव्हापासून कान नुसते त्या चिठ्ठीकडेच लागले.

मॅडम आल्या, कंबर दाबून बघितली, इकडून तिकडून वाकवून बघितलं. मग मावशींनी मला पडद्याआड पालथं झोपवलं, कंबरेवर काहीतरी गरम गरम ठेवून वरून पट्टा आवळला. जरा बरं वाटायला लागलं, तोच पलीकडून मॅडमचा आवाज आला.

"मावशी, हा शेक काही कामाचा नाही. बंद करा."

आता शेक आणि शेख यातला फरक मला कळत नाही का? कळतो! पण आमच्याकडे निम्मी माणसं मला शेकभाईच म्हणतात. त्यात भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मला वाटलं, चिठ्ठीचं उघडं पडलं!

"मंग आता वो?" मावशी.

"आता खेचायलाच घेऊ. कंबर घट्ट बांधा, सुटता कामा नये."

या अल्ला! माझी तर बांधलेलीच होती!

सांगायला लाज वाटते, पण मी पळालो. जो माणूस चढताना कठड्याला लोंबकळत होता, तो अनवाणी थेट बाजारात! वरून गॅलरीतून मावशी ओरडताहेत, "धरा, धरा! शेक घिऊन पळाला!"

चिक्कीवाला माझ्या ओळखीचा. त्याने वाटेतच अडवलं. "शेकभाई, काय घेऊन पळालात?"

"मी काहीच घेतलं नाही!"

"ओ मावशी, ह्यांनी घेतलंय काय?"

"शेक!"

"अहो, शेक कळला! पण घेतलं काय त्याने?"

"शेक घेतला की रं, मुडद्या!"

सगळा बाजार गोळा. शेवटी एका बाईंनी माझ्या पाठीकडे बोट दाखवलं. कंबरेला त्यांची शेकायची गरम पिशवी तशीच बांधलेली, वाफा निघताहेत! तेवढ्यात मॅडमही खाली आल्या. मी हातच जोडले.

"मॅडम, चिठ्ठी नाहीये. चूक झाली. पण मला खेचू नका!"

"अहो, वजनं लावून खेचायचं होतं ते शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना! त्यांना शेकाने उतार पडत नाहीये. आणि माझ्याकडे यायला चिठ्ठी लागत नाही. मला गरज वाटली तर मीच पाठवते डॉक्टरकडे."

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"छे! कंबरेचा नुसता स्नायू धरलाय, आठवड्यात मोकळा होईल. पण डॉक्टरकडे तुम्हाला पाठवायलाच हवं." मॅडम कशाबशा हसू दाबत म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरकडे."

मी काकुळतीला येऊन म्हणालो, "कान्ह्याच्या कशाला, मॅडम? आमच्या कामशेतचा नाही का चालणार?"