रांगोळीतली मोठी बहीण

मावला गावात मी शिकवते त्या शाळेकडे जाताना एक अंगण लागतं. तिथली बाई पन्नाशीची, भाजीपाला पिकवणारी. मेथीच्या जुड्या बाजाराला रवाना झाल्या की ती रांगोळी घेऊन बसते. एका सकाळी तिथे मोठ्या डोळ्यांचा, अंबाडा घातलेला चेहरा दिसला. देवी समजून मी चप्पल काढली आणि हात जोडले.

"नका जोडू मॅडम," ती हसायला लागली. "मोबाइलवर थायलंडची सिरीयल पाह्यतो ना आमी, त्यातली मोठी बहीण हाय हे. लहानीचं लगन हिनंच मोडलं."

मग आठवडाभर तोच चेहरा. कधी भुवया चढलेल्या, कधी नजर खाली. चिमटीतून रेघ सुटायच्या आधी बाईची स्वतःची भुवई तशीच चढायची.

"एवढी वाईट बाई काऊन काढता रोज?" मी शेवटी विचारलंच.

"सारेच तिले वाईट म्हणतात," तिने रांगोळीतल्या डोळ्याचा कोपरा बोटाने पुसून पुन्हा ओढला. "मी रोज काढून राह्यली, पन वाईटपना तोंडावर नेमका कुठं दाखवाचा, थेच सापडून नाई राह्यलं."

पुढे चालताना मला माझी जाऊ आठवली. नणंदेच्या लग्नापासून आम्ही बोलत नाही. तिच्याबद्दल वाईट सांगायचं तर मला कधी अडायला होत नाही. मी मनातल्या मनात तिचा चेहरा काढायला घेतला. नऊ वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात वावरलो होतो, पण तिचे डोळे कसे आहेत, ते काही केल्या मला आठवेना.