बँकेची गाडी

आमच्या शेजाऱ्यांनी कर्ज काढून गाडी घेतली. कुणी कौतुक केलं की ते हात झटकतात, "माझी कुठली, बँकेची हाय." शेवटचा हप्ता फिटल्याशिवाय गाडीला हार घालणार नाहीत. मी मात्र रोख पैसे देऊन गाडी घेतली आणि ओरखडा नको म्हणून कव्हरखाली ठेवली.

परवा आईच्या छातीत दुखायला लागलं. मी कव्हरच्या गाठी सोडतोय, तोवर त्यांनी गाडी दारात आणली.

"बसा आक्का. बँकेला काय इचारायचं न्हाय."

आई आता बरी आहे. काल मी कव्हर माळ्यावर टाकलं. आई म्हणाली, "गुरुवारी नरसोबाच्या वाडीला जाऊ. दोन हार घे. बँकेच्या गाडीलाबी घालायचाय."